प्रतिसाद: शाळेतली स्पीच थेरपी
'स्पीच थेरपिस्टला शाळेतली नोकरी म्हणजे क्लिनिकपेक्षा आराम' असं वर कुणीतरी लिहिलंय, म्हणून हा प्रतिसाद. मे महिन्याची सुट्टी मिळते, खरंय. पण माझी खोली जिन्याखालची. एकीकडे लेझमांचा ढीग, दुसरीकडे मी, पोर आणि आरसा.

पहिलीतला एक मुलगा कावळ्याला 'तावळा' म्हणायचा. जिभेचा मागचा भाग वर उचललाच जायचा नाही, टोक दातांना टेकायचं. घरी सगळे कौतुकाने हसायचे. वर्गात चिडवलं, तेव्हा तो बोलायचाच थांबला. मग माझ्याकडे सराव: आधी मान वर करून पाण्याच्या गुळण्या, मग नुसता 'क्', मग शेवटी क येणारे शब्द: नाक, चाक. 'काका' म्हणायला दोन महिने लागले. तेही माझ्यापुढे, वर्गात आणखी वेळ गेला.

खरं काम बाईंशी आणि पालकांशी बोलण्याचं. चार वर्षांच्या मुलाला 'र' येत नाही म्हणून घाबरू नका, तो उशिराच येतो. आणि 'घरी मराठी बंद करा' हा सल्ला (अजूनही देतात!) कृपया ऐकू नका. भाषेचा दोष असेल तर तो घरच्या आणि शाळेच्या, दोन्ही भाषांत दिसतो, त्यामुळे तपासायचंही दोन्हींत.

ज्यांनी शिक्षणाबद्दल विचारलंय त्यांना: बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा उपचारांची पदवी), इंटर्नशिप धरून ४ वर्षं, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी. मुलाखतीत पगाराआधी एकच विचारा, स्वतंत्र, शांत खोली देणार का?