नाताश आणि अकर
‘उपटणे’साठी हिब्रू बायबलमधे नाताश हेच क्रियापद येतं असं कुणी म्हटलं, तर यिर्मया 1:10 पुरतं ते बरोबर आहे, तिथे राष्ट्रंच उपटायची आहेत. पण उपदेशक 3:2 मधे लावलेलं रोप उपटायची वेळ येते तिथे अकर हा वेगळाच धातू आहे. खरी गंमत सफन्या 2:4 मधे, ‘एक्रोन तेआकेर’ (तेआकेर हे अकरचंच रूप) म्हणजे एक्रोन उपटलं जाईल, शहराच्या नावावरच कोटी केलीय, भाषांतरात ती पार उडून जाते.

आणि हाच धातू पिएल रूपात (हिब्रू क्रियापद चालवायचा एक साचा) आला की अर्थ होतो घोड्याच्या मागच्या पायाची शीर तोडणे, यहोशवा 11 मधे मेरोमच्या लढाईत तेच केलंय, त्यामुळे डिक्शनरीतला पहिला अर्थ सगळीकडे चिकटवला तर बिचारे घोडे मुळासकट उपटायला लागतील :)