शिक्षा भोगून आलेल्या मल्लाला पुन्हा आखाडा द्यावा का?

कृष्णाकाठ, सांगली:
मारहाणीत गंभीर दुखापत केल्याबद्दल आमच्या तालमीतल्या एका पैलवानाला तीन वर्षं झाली होती, आता सुटलाय. यात्रेच्या मैदानात लढायचंय, शिवाय पोरांना शिकवायचंय. विश्वस्तांत दोन तट पडलेत.

लाल माती, मिरज:
दोन्ही प्रश्न वेगळे ठेवा. लढू द्या की! पाकिस्तानी क्रिकेटपटू मोहम्मद आमिर 2010 मध्ये स्पॉट फिक्सिंगमध्ये (पैशासाठी ठरवून नो-बॉल टाकण्यात) सापडला, 2011 मध्ये इंग्लंडात तुरुंगात गेला, पाच वर्षांची बंदी भोगून 2016 मध्ये पाकिस्तानकडून परत खेळला. त्याचा गुन्हा तर खेळातलाच. शिकवणं मात्र लगेच नको. पोक्सो (मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखणारा कायदा) नियम 2020 नुसार मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थांनी, क्रीडा अकादमीसुद्धा, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करायची असते. कागद फाइलला लावा, तोंडी हमी चालणार नाही.

अजिंक्यतारा, सातारा:
परदेशी स्पर्धांचा विचार असेल तर पासपोर्ट बघा. नैतिक अधःपतनाचा गुन्हा, किमान दोन वर्षांची शिक्षा आणि दोषी ठरून पाच वर्षं झाली नसतील, तर अर्ज नाकारता येतो. दुसरा खटला चालू असल्यास कोर्टाची परवानगी लागते. आदेशात मुदत नसेल तर पासपोर्ट एकाच वर्षाचा मिळतो, म्हणून वकिलाला मुदत मागायला सांगा.

माणदेशी:
मार खाल्लेल्याला कुणी विचारलं? मैदान त्याच्याच गावात असेल तर यंदा पैलवानाची कुस्ती लावू नका.