नवीन फायबर कनेक्शन लगेच बंद करायचंय, अनामत अडकली – मदत हवी आहे

नंदगडवाला
बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या घरी फायबर घेतलंय. १०० एमबीपीएसचा सहा महिन्यांचा प्लॅन, पैसे आगाऊ, राउटरची अनामत वेगळी. कनेक्शन अगदी नवं आहे, पण रोज संध्याकाळी लाइन जाते आणि राउटरवर लाल दिवा लागतो. बंद करा म्हटलं तर केबलवाला म्हणतो, सहा महिने लॉक-इन (तोवर सोडता येत नाही), अनामतही विसरा. कस्टमर केअर म्हणतं, स्थानिक माणसाला भेटा. पंधरा दिवसांत कारण न देता करार मोडता येतो असं ऐकलंय, खरं काय? पैसे परत कसे काढायचे?

टिळकवाडी_फायबर
पंधरा दिवसांचं डोक्यातून काढा. इंटरनेट कनेक्शनला तसा सरसकट हक्क आपल्याकडे कुठल्याच कायद्यात नाही. कारण न देता करार मोडायची मुदत २०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांत आहे, पण ते साखळी विक्रीवाल्यांसाठी.

म्हणून लेखी मागणीत "मला आता नको" असं चुकूनही लिहू नका. नको म्हटलं की अर्जावर छापलेलं लॉक-इन लागू. "पैसे घेतले, सेवा दिली नाही" म्हटलं की उत्तर द्यायची पाळी त्यांची. तुमचं प्रकरण दुसऱ्या प्रकारचं आहे, फक्त पुरावा हवा.

लाल दिवा एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. वायफायचा, भिंतींचा, मोबाइलचा यात काही संबंध नाही. रोज ठरावीक वेळीच जात असेल तर लोडशेडिंगशी ताडून बघा. मधल्या खांबांवरच्या स्प्लिटरच्या (लाइन अनेक घरांत वाटणाऱ्या) डब्यांना वीज लागत नाही. वीज लागते ती तुमच्या राउटरला आणि ऑपरेटरकडच्या, सगळ्या घरांना सिग्नल पाठवणाऱ्या ओएलटी यंत्राला. तुमचा राउटर इन्व्हर्टरवर चालू असताना दिवा लाल होत असेल तर बहुधा तिकडची बॅटरी बसते आहे. "गावात लाइट नव्हती" ही सबब त्यांची, तुमची नव्हे.

वेळेचा लाइटशी मेळ बसत नसेल तर राउटरचं पान उघडा, बहुतेक मॉडेलला १९२.१६८.१.१. तिथे आरएक्स पॉवर, म्हणजे घरापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. साध्या जीपॉनला (घरगुती फायबरची नेहमीची पद्धत) उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही हद्द. उणे २६-२७ च्या आसपास खेळत असेल तर वायर कुठेतरी जास्त वाकली आहे, कनेक्टर घाण आहे किंवा जोड खराब आहे. लाइन सुरू असताना एक आणि बंद असताना एक, असे स्क्रीनशॉट काढा.

स्पीडचं भांडण मात्र उगाच काढू नका. वायफायवरची टेस्ट कुणी धरत नाही. लॅन वायर लावूनही ९४ च्या आसपास आकडा येत असेल तर तो स्वस्त राउटरच्या १०० एमबीपीएस पोर्टचा नेहमीचा आकडा आहे, दोष नाही.

नंदगडवाला
राउटर इन्व्हर्टरवरच आहे, आणि लाइट गेली की थोड्या वेळाने दिवा लाल होतो. तक्रार फोनवर केली होती, नंबर दिला नाही.

शहापूर_ग्राहक
मग सुरुवात तिथूनच की. नंबर नसलेली तक्रार म्हणजे तक्रार नव्हेच. कंपनीच्या अ‍ॅपवर किंवा ईमेलवर नव्याने टाका आणि डॉकेट नंबर (तक्रार क्रमांक) घ्या. केबलवाल्याचं व्हॉट्सअ‍ॅप पुरत नाही. लायसन्स कंपनीचं असतं, तो फक्त भागीदार, त्यामुळे "स्थानिक माणसाला भेटा" हे उत्तरच चुकीचं.

आता पावती काढून बघा. दोन गोष्टी तपासा.

पावती कंपनीच्या जीएसटी नंबरची आहे की केबलवाल्याच्या? त्याच्या खाजगी यूपीआयवर पैसे गेले असतील आणि कंपनीच्या अ‍ॅपमध्ये अनामत दिसत नसेल, तर कंपनी "आमच्याकडे जमाच नाही" म्हणून मोकळी होते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आत्ताच जपून ठेवा.

दुसरं, त्या "अनामत" रकमेवर १८% जीएसटी लागलाय का? परत करायच्या अनामतीवर कर लागत नाही. १,५०० चे १,७७० झाले असतील तर ते कागदोपत्री जोडणी शुल्क किंवा राउटरची विक्री आहे. विक्री असेल तर राउटर तुमचा, तो परत देऊ नका. खरी अनामत असेल तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक) २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांप्रमाणे कनेक्शन बंद झाल्यापासून ४५ दिवसांत ती परत यायला हवी.

बंद करण्याच्या ईमेलमध्ये ग्राहक क्रमांक, डॉकेट नंबर, लाइन गेल्याच्या तारखा-वेळा, अमुक तारखेपासून सेवा बंद करावी, अनामत व उरलेल्या काळाचे पैसे अमुक खात्यात द्यावेत, आणि राउटर नेण्यासाठी माणूस पाठवावा, एवढंच. त्याचीच प्रत नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टने, डिलिव्हरीचा पुरावा मागून. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, काउंटरवर तेच मागत बसू नका.

निपाणी_बसस्टँड
ऑटोपे लावलंय का? मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) यूपीआय अ‍ॅपमधून रद्द करा. पण नुसतं मँडेट मोडून गप्प बसलात तर करार संपत नाही, थकबाकी चढत राहते. आधी ईमेल, मग मँडेट. बँकेचं एनएसीएच (खात्यातून थेट कापण्याची सोय) असेल तर शाखेत किंवा नेटबँकिंगवर रद्द होतं. खातं रिकामं ठेवायचा शहाणपणा करू नका, बाउन्सचा दंड बँक लावते.

शहापूर_ग्राहक
बरोबर. त्यावरही हलले नाहीत तर कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे (कंपनीतला वरचा तक्रार अधिकारी) अपील करा, त्याला फी नाही. ट्रायला थेट लिहून उपयोग नाही, वैयक्तिक तक्रारी ते सोडवत नाहीत. सोबत १९१५ लावा, ग्राहक हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. सक्ती करता येत नाही त्यांना, पण बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो नाहीतर मुंबईला, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता तिथे, म्हणजे बेळगावलाच दावा लागतो. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, आणि ई-जागृती या सरकारी पोर्टलवर घरबसल्या दाखल होतो. "टेलिकॉमचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत" असं कंपनीचा वकील म्हणेल. सुप्रीम कोर्टाने १६ फेब्रुवारी २०२२ ला तो मुद्दा निकाली काढलाय. दाव्यात "सेवेतील त्रुटी" म्हणा. "अन्याय्य करार" हा मुद्दा मुख्य केलात तर प्रकरण जिल्ह्याऐवजी राज्य आयोगाचं होतं. अर्ज इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये द्या, केबलवाल्याचे मराठी मेसेज पुराव्यात घालणार असाल तर खाली इंग्रजी भाषांतर जोडा.

नंदगडवाला
पावती कंपनीचीच आहे, अनामतीवर जीएसटी नाही. आज ईमेल टाकतो. राउटर न्यायला माणूस आला तर काय घ्यायचं?

टिळकवाडी_फायबर
सीरियल नंबर लिहिलेली सही-शिक्क्याची पोच, नाहीतर राउटर देऊ नका. अ‍ॅडॉप्टर आणि पिवळी पॅच कॉर्डही (राउटरला लागणारी फायबर वायर) पोचेत लिहून घ्या, नंतर त्याचेच पैसे कापतात. आणि देण्याआधी राउटरमागच्या स्टिकरचा फोटो.