अनुभव धागा : टाइमशीटमध्ये न मावलेले दिवस

कपाट आवरताना प्रोग्रामर म्हणून केलेल्या पहिल्या नोकरीतील वही सापडली. एका गुरुवारची नोंद अशी होती : ‘3 दिवस शोधले, 1 ओळ बदलली.’ मध्यरात्रीनंतरचे व्यवहार आदल्या दिवसाच्या अहवालात जात होते, कारण एक सेवा स्थानिक वेळ धरत होती आणि दुसरी यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). टाइमशीटमध्ये त्या 3 दिवसांपुढे मी ‘कोडिंग’ असे भरले, पण प्रत्यक्षात इतरांचा कोड आणि लॉग (प्रोग्रामने आपोआप केलेल्या नोंदी) वाचत बसलो होतो. तरीही त्या आठवड्याइतके समाधान नंतर क्वचितच मिळाले. आपला वेळ कुठे जातो आणि त्यातला कोणता भाग सुखाचा असतो, ते कृपया लिहावे.

अर्धविराम : तुमची एक ओळ निदान बदलली तरी! माझ्या सर्वांत समाधानाच्या दिवशी मी कोणीही वापरत नसलेले एक मॉड्यूल (कोडचा स्वतंत्र भाग) काढून टाकले आणि सर्व टेस्ट हिरव्याच, म्हणजे यशस्वी, राहिल्या. त्या काळी आमच्याकडे लिहिलेल्या ओळी मोजत असत, त्यामुळे त्या महिन्यात माझा आकडा उणे आला (हे मी अभिमानाने सांगते).

जुनी फांदी : स्क्रममध्ये (सॉफ्टवेअर टीमच्या कामाच्या एका पद्धतीत) रोजच्या बैठकीला 15 मिनिटांची मर्यादा आहे, आमची पाऊण तास चालते. पण खरी अडचण तिच्या लांबीची नाही. 11, 1 आणि 3 वाजता अशा मीटिंगा पेरल्या की मधल्या वेळात समस्या डोक्यात पुरती उतरण्याआधीच पुढची सूचना वाजते, आणि संध्याकाळी काहीही न करता दमल्यासारखे वाटते.

रात्रपाळी : वरील मताशी मी अर्धीच सहमत आहे. मी 2 आठवडे बांधत असलेली सुविधा ग्राहकांना नकोच आहे, हे मला सपोर्टमधील सहकाऱ्याने अशाच एका कंटाळवाण्या मीटिंगमध्ये सांगितले. तेव्हा राग आला होता, हे मात्र कबूल करते.

अर्धविराम : @रात्रपाळी, मग ती 2 आठवड्यांची ब्रँच (त्या सुविधेच्या कोडची वेगळी शाखा) कुठे आहे?

रात्रपाळी : अजून आहे. डिलीट करवत नाही.

शून्याधार : ओळी मोजण्याच्या विषयावरून आठवले. निकोल फोर्सग्रेन आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये मांडलेल्या ‘स्पेस’ चौकटीत उत्पादकतेचे 5 पैलू आहेत आणि समाधान हा त्यांपैकी पहिला. आमच्या व्यवस्थापकांनी ती चौकट भिंतीवर लावली आहे; मोजणी मात्र अजूनही बंद केलेल्या तिकिटांचीच (नोंदवलेल्या कामांची) होते.

मर्ज बाकी : माझा पुल रिक्वेस्ट (माझे बदल मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) 4 दिवस रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत आहे आणि हा प्रतिसाद मी बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार होण्याची प्रक्रिया) चालू असताना लिहीत आहे, त्यामुळे वेळ कुठे जातो याचे निम्मे उत्तर इथेच आहे. समाधानाविषयी सविस्तर लिहिणार होतो, परंतु बिल्ड आत्ताच फेल झाले. उरलेले नंतर लिहितो.