तुरीवर पहिलीच फवारणी क्लोरँट्रानिलीप्रोलची: योग्य की घाई?

हिंगोलीकर: तुरीला कळी दिसली की १८.५ टक्के क्लोरँट्रानिलीप्रोल हे अळीनाशक मारायचं, ही पद्धत मला चुकीची वाटते. हे औषध अळीच्या स्नायूंतला कॅल्शियमचा साठा सोडायला लावतं. साठा संपला की स्नायू चालत नाहीत. काही तासांत खाणं थांबतं, मरायला दोन-तीन दिवस लागतात. इतकं चांगलं औषध, पण कळीवर मारलं तर नंतर उमलणाऱ्या फुलांत ते पोचत नाही. आपल्या तुरीला फुलं टप्प्याटप्प्यानं येतात. म्हणून कळीला ५ टक्के निंबोळी अर्क आणि निम्मा फुलोरा आल्यावर हे.

परभणी शिवार: दादा, शेंगा पोखरणाऱ्या घाटे अळीपुरतं पटतं. पण फुलं-पानं जाळ्यानं गुंडाळणाऱ्या मारुका अळीचं काय? निम्म्या फुलोऱ्यापर्यंत थांबलात तर ती गुच्छात शिरलेली असते, फवारा आत जातच नाही. जाळं होण्याआधीच मारलं पाहिजे. ढगाळ हवा असेल तर निंबोळी अर्कावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

लातूर तूर: तुम्ही दोघं फवारणीच्या वेळेवरून भांडताय, खरा घोळ मात्रेत आहे. एकरी ६० मिली, २०० लिटर पाणी, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ४.५ मिली आणि एकराला तेरा-चौदा पंप. लोक तेवढंच औषध घालून आठ पंपांत एकर उरकतात. एकरी पडतं ३६ मिली! मग अळ्या उरतात आणि दोष औषधाला. पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपाला पाणी कमी लागतं, तिथं पंपामागं नाही, एकरामागं मोजा.

हिंगोलीकर: मात्रेचं शंभर टक्के मान्य. मारुका दिसत असेल तर कळीला मारा, माझी हरकत नाही. पण मग पुढची फवारणी फ्लुबेंडिअमाइडची नको. तेही त्याच गटातलं, त्याच जागी काम करणारं; डबा बदलला तरी अळीला फरक पडत नाही. इमामेक्टिन बेंझोएट ५ टक्के, १० लिटरला ४.४ ग्रॅम घ्या. पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं पुन्हा पुन्हा मारून घाटे अळी कशी निर्ढावली, हे १९८७ ला आंध्रातल्या कपाशीनं दाखवलंय. आणि फवारायच्या आधी एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाची गोळी ठेवून नर पतंग पकडणारे) लावा. सलग तीन दिवस सापळ्यामागं रोज ८-१० पतंग आले तरच पंप काढा.

परभणी शिवार: सापळ्यातली ती गोळी घाटे अळीच्या पतंगाची आहे, दादा. मारुकाचा पतंग तिच्याकडं फिरकत नाही. सापळा रिकामा आणि गुच्छ पोखरलेले, असं होऊ शकतं. एकरात पाच-सहा ठिकाणी चिकटलेले गुच्छ उकलून बघा, आत अळी किंवा विष्ठा सापडली तर त्याच दिवशी फवारा.