मदत हवी आहे: के-रासमधला बदल एकीकडे, राफ चिकटतं दुसरीकडे, हे कसं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी सेमिनार आहे, विषय के-रास आणि राफ या दोन प्रथिनांची जोडणी. चार दिवस एकाच जागी अडकले आहे.

कळलंय तेवढं सांगते. के-रास पेशीच्या पटलाला आतून चिकटून असतं. जीटीपी हा तीन फॉस्फेटांचा रेणू धरलं की चालू, एक फॉस्फेट तुटून त्याचं जीडीपी झालं की बंद. चालू असताना ते राफला ओढून घेतं, राफकडून मेक, मेककडून ईआरके, असा वाढीचा निरोप एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जातो. पीडीबी या प्रथिन-रचनांच्या संग्रहातून ६व्हीजेजे ही दोघांच्या जोडणीची रचना उतरवून पायमॉल या रचना दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. दोघांच्या बीटा पट्ट्या शेजारी लागून एकच सलग शीट झाली आहे! राफच्या ८९ क्रमांकाच्या आर्जिनिन या अमिनो आम्लावर क्लिक केलं, तर त्याचा लांब हात के-रासच्या ३८ क्रमांकाच्या अ‍ॅस्पार्टेटकडे गेलेला. हे आर्जिनिन बदलून ल्युसिन केलं की जोडणी तुटते हे वाचलं होतं, पण दोघांमधले बंध दाखवणाऱ्या तुटक पिवळ्या रेघा बघितल्यावर पटलं.

आता अडचण. कॅन्सरमधले बदल बहुतेक १२ क्रमांकाच्या ग्लायसिनवर होतात, आणि ते राफच्या बाजूला नाहीच. जीटीपीच्या फॉस्फेटांना लगटून बसलंय. मग तिथे सिस्टीन आल्याने राफचं काम का वाढावं?

दुसरं, जी१२सी (१२ क्रमांकाच्या ग्लायसिनजागी सिस्टीन) असलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २०२१ मध्ये मंजूर झालेलं सोटोरासिब हे औषध जीडीपीवाल्या, म्हणजे बंद रूपाला चिकटतं. प्रथिन कायम चालू असेल, तर औषधाला बंद रूप सापडतं कुठून? हा प्रश्न वर्गात येणारच, आणि मला पाठ केलेलं उत्तर द्यायचं नाही.

प्रतिसाद

ताई, रचना बरोबर निवडलीत, पण इथे बघायचा जोडीदार राफ नाही, गॅप आहे, म्हणजे रासला जीटीपी तोडायला मदत करणारं प्रथिन. १९९७ ची रास-गॅप जोडीची रचना, १डब्ल्यूक्यू१, उघडा. त्यात एच-रास हे के-रासचं भावंड आहे, पण हा भाग सारखाच. जीटीपी तुटतानाची स्थिती अ‍ॅल्युमिनियम फ्लोराइड घालून गोठवली आहे. गॅपचं ७८९ क्रमांकाचं आर्जिनिन बोटासारखं आत शिरलेलं दिसेल. ते शिरलं की जीटीपी झटकन तुटतं, एकट्या रासला फार वेळ लागतो. ग्लायसिनला बाजूची साखळी नाही, म्हणून बोटाला जागा मिळते. दुसरं जवळपास काहीही आलं की जागा अडते. राफची पकड घट्ट होत नाही, राफला चालू रास जास्त वेळ मिळतं.

आणि 'कायम चालू' हे शब्द सोडा. जी१२सी गॅपला दाद देत नाही, तरी स्वतःहून जीटीपी तोडतं, जवळजवळ मूळ प्रथिनाच्याच वेगाने. म्हणजे मधूनमधून बंद होतंच. तेव्हा सोटोरासिब रासच्या स्विच-२ या हलत्या भागाखालच्या खाचेत शिरतं, सिस्टीनच्या गंधकाशी पक्का बंध जोडतं, आणि पुन्हा जीटीपी घेण्याची वाट बंद होते. ही खाच २०१३ मध्ये कॅलिफोर्नियात केव्हन शोकॅट यांच्या प्रयोगशाळेने दाखवली. त्याआधी रासवर औषधाला धरायला जागाच नाही असं मानत.

धागाकर्ती

बोट दिसलं! १२ वर सिस्टीन घालून बघितलं, तर ते सरळ आर्जिनिनच्या कण्याला भिडतं. मनापासून आभार. पहिली स्लाइड आता राफची नाही, गॅपची ठेवते. जी१२डी या दुसऱ्या बदलात १२ वर सिस्टीनच नसल्यामुळे हे औषध तिथे बंध जोडू शकत नाही, हे त्याच स्लाइडवर घेऊ की सोटोरासिबनंतर?