इफ्फीच्या परीक्षकांनी निकालासोबत निकालपत्रही द्यावे का?

मांडवीकाठ :
इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 साली गोव्यात आला तेव्हापासून, मधली दोन-तीन वर्षे वगळता, मी प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवून तो पाहत आलो आहे, आणि दरवर्षी समारोपाच्या रात्री मला एकच गोष्ट खटकते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत साधारण पंधरा चित्रपट असतात, पाच परीक्षक ते पाहतात, आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या सुवर्णमयूरासोबतचे 40 लाख रुपये दिग्दर्शक व निर्माता यांच्यात वाटून दिले जातात. मात्र हाच चित्रपट का निवडला, याचे उत्तर दोन-तीन वाक्यांच्या मानपत्रात आटोपते. ही वाक्ये इतकी गुळगुळीत असतात की पंधरांपैकी कोणत्याही चित्रपटाला ती चिकटवावीत.

2021 साली ‘गोदावरी’साठी जितेंद्र जोशी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा रजतमयूर मिळाला, तेव्हा मराठी प्रेक्षक म्हणून मला मनापासून आनंद झाला. परंतु नाशकात भाडेवसुली करणाऱ्या त्या निशिकांतची सततची धुसफूस परीक्षकांना भावली, की त्या धुसफुशीखाली दडलेली भीती, हे कळले असते तर तो चित्रपट मी त्यांच्या नजरेने पुन्हा पाहिला असता. न्यायालय निकालासोबत कारणे देते आणि अल्पमतही नोंदवते. प्रत्येक पुरस्कारामागे एक-दोन पानांचे निवेदन असावे आणि मतभेद झाला असल्यास त्यात तोही नमूद व्हावा, एवढीच माझी मागणी आहे.

डिचोलीकर :
मागणी ऐकायला गोड आहे, पण मी स्वतः परीक्षकाच्या खुर्चीत बसलेलो असल्यामुळे मला ती पटत नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण नाट्यस्पर्धेत आम्ही तिघे परीक्षक होतो आणि प्रत्येक संघाला लेखी अभिप्राय दिलाच पाहिजे, अशी आयोजकांची अट होती. शेवटचा प्रयोग संपल्यावर रात्री दीडच्या सुमारास आम्ही शाळेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून लिहायला बसलो. एका नाटकाचे नेपथ्य साफ फसले होते, म्हणून मी ‘नेपथ्य फसले’ असे लिहिले. दुसऱ्यांनी ते खोडून ‘नेपथ्यात सुधारणेला वाव’ असे केले. तिसऱ्यांनी, संघ त्यांच्या ओळखीचा असावा, ‘नेपथ्याचा प्रयत्न स्तुत्य’ असे करून टाकले. तीन वाजेपर्यंत सगळ्या संघांच्या वाट्याला जवळजवळ एकच अभिप्राय आला होता.

तिघांचे हे झाले. पाच देशांतून आलेल्या, एकमेकांना आठवडाभरापूर्वीपर्यंत न ओळखणाऱ्या पाच जणांचे निवेदन याहून वेगळे होईल, असे आपणांस का वाटते? शिवाय सुवर्णमयूर मिळवणारा चित्रपट पुष्कळदा कोणाचाच पहिल्या पसंतीचा नसतो, तो सर्वांच्या दुसऱ्या पसंतीचा असतो. त्या तडजोडीला कारण असते ते एवढेच की पहिल्या पसंतीवर एकमत झाले नाही. ते दोन पानांत फुगवून लिहिणे म्हणजे नसलेले तत्त्वज्ञान उभे करणे होय.

पाटोचा प्रेक्षक :
डिचोलीकरांचा अनुभव खरा मानूनही मी मांडवीकाठ यांच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण 2022 चा समारोप. परीक्षक मंडळाचे अध्यक्ष नदाव लापिद यांनी त्या रात्री भाषणात ‘द काश्मीर फाइल्स’ हा प्रचारकी चित्रपट असून तो स्पर्धेत असणेच अनुचित आहे, असे सांगितले. लगेच सुदिप्तो सेन या भारतीय सदस्याने ते लापिद यांचे वैयक्तिक मत असल्याचे जाहीर केले, तर उरलेल्या तिघांनी नंतर लापिद यांना पाठिंबा दिला. त्या चित्रपटाबद्दल कोणाचे मत काहीही असो, मंडळातला मतभेद नोंदवण्याची अधिकृत जागा नसल्यामुळे तो आधी व्यासपीठावर आणि मग वृत्तवाहिन्यांवर सांडला, हे तर दिसतेच.

त्या गदारोळात सुवर्णमयूर कोणाला मिळाला, हेच लोक विसरले. दुसऱ्या दिवशी जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) इमारतीजवळ चहा घेताना आमच्या सात-आठ जणांच्या घोळक्यात वादाविषयी प्रत्येकाला बोलायचे होते. कोस्टा रिकाच्या वालेंतिना मॉरेल यांच्या ‘आय हॅव इलेक्ट्रिक ड्रीम्स’चे नावही कोणी काढले नाही. मी तो पाहिला होता, तरी मीही काढले नाही.

सांगेकर :
आपण सर्व जण चुकीच्या दारावर थाप मारत आहात. 2017 साली इंडियन पॅनोरमा या इफ्फीतल्या भारतीय चित्रपटांच्या विभागाच्या तेरा सदस्यीय मंडळाने निवडलेले ‘एस दुर्गा’ आणि रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ हे दोन चित्रपट केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने वगळले आणि अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. ‘एस दुर्गा’ दाखवावा, असा केरळ उच्च न्यायालयाचा आदेश येऊनही तो पडद्यावर आलाच नाही. ज्यांनी निवडले त्यांच्याकडे कारणे मागता. ज्यांनी वगळले त्यांच्याकडे आधी मागा.

मांडवीकाठ :
सांगेकरांचा मुद्दा मान्य आहे, पण तो माझ्या मागणीला बळच देतो. मंडळाने आपली निवड सविस्तर लिहून ठेवली असती, तर वगळणाऱ्याला निदान त्या मजकुराला उत्तर द्यावे लागले असते. नुसते यादीतले नाव खोडणे फार सोपे असते.

डिचोलीकरांच्या शाळेतल्या बाकांविषयी म्हणायचे तर, तिथे तिघांना एकच कागद भरायचा होता आणि खरी अडचण तीच होती. मी मागणी थोडी बदलतो. एकत्रित निवेदन नको. प्रत्येक परीक्षकाने स्वतःच्या सहीने, विजेत्या चित्रपटातल्या एकाच प्रसंगाविषयी पानभर लिहावे. प्रसंग नेमका असला की ‘स्तुत्य प्रयत्न’ लिहिता येत नाही.

डिचोलीकर :
एका प्रसंगाविषयी लिहिण्याची कल्पना मला आवडली, हे कबूल करतो. सहीला मात्र माझा विरोध कायम आहे. 1970 साली बर्लिनच्या महोत्सवात एका युद्धविरोधी चित्रपटावरून परीक्षकांतले भांडण खोलीबाहेर आले, मंडळ कोसळले आणि त्या वर्षी स्पर्धा पुरस्कारांविनाच गुंडाळावी लागली. गोव्यातला महोत्सव तर मंत्रालयाच्याच छत्राखाली भरतो. पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणे येईल की नाही, याचा विचार सही करणारा भारतीय परीक्षक करणारच, आणि त्याचे पान उरलेल्या चौघांच्या पानांहून आखडलेले निघेल. सही वगळणार असाल तर मी आपल्या बाजूने आहे.

पाटोचा प्रेक्षक :
सही वगळली तरी पाच पानांतले भारतीय परीक्षकाचे कोणते, हे पणजीत अर्ध्या तासात ओळखले जाईल.